हरिबातात्यांचं नेट

व्हिएतनामला गेलेल्या आम्हा बावीस शेतकऱ्यांत मोबाईलमधलं सगळ्यात जास्त कळत होतं ते मला. ही बढाई नाही. पुढं जे सांगणार आहे ते अडाणीपणानं घडलं असं कुणाला वाटू नये, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझं नाव सयाजी थोरात. इस्लामपूरजवळ आमचा ऊस आहे, दोन एकर ड्रॅगन फ्रूट आहे आणि शेतीचे व्हिडिओ टाकायचं एक चॅनेल आहे. चॅनेल बरं चालतं. एका खतकंपनीनं दौऱ्याआधी माझ्याशी बोलणं केलं होतं, की व्हिएतनाममधून रोज एक व्हिडिओ टाकायचा आणि त्यात त्यांचं नाव घ्यायचं. सांगली-सातारच्या ड्रॅगनवाल्यांचं एक मंडळ आहे, लालासाहेब त्याचे अध्यक्ष. फेब्रुवारीत त्यांनी आठ दिवसांचा दौरा काढला. खोल्या जोडीजोडीनं वाटल्या, आणि माझ्या जोडीला आले हरिबातात्या मेटकरी.

तात्या आटपाडीच्या पुढच्या एका वाडीतले. वय पासष्ट-सहासष्ट. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. तरुणपणी आमच्या वाळवा तालुक्यातही ते शेतात खतासाठी मेंढरं बसवायला येत, कृष्णाकाठची गावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. अलीकडं त्यांच्या माळावर पाणी आलं, तसा त्यांनी एक एकर ड्रॅगन लावला. मेंढरंही ठेवली होती, तीस-चाळीस. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी मला विचारलं होतं, "पावणं, विमानात पटका काढाय लावत्यात का?" मी नाही म्हटल्यावर ते निर्धास्त झाले.

त्यांच्याकडं चांगला मोठा फोन होता. मुलगा अमृत फौजेत. त्यानंच घेऊन दिलेला. घरातले तिन्ही नंबर, म्हणजे तात्यांचा, सून क्रांतीचा आणि अमृतचा, एकाच बिलावर होते. निघण्याआधी अमृतनं त्यांच्या नंबरावर परदेशचा पॅक मारून दिला होता. दहा दिवस, पाच जीबी, आणि बोलायला काही मिनिटं. तात्यांना फोनमधलं एवढंच येत होतं, की हिरवं बटण दाबलं की बोलायचं, तांबडं दाबलं की बंद. आणि रविवारी अमृतचा व्हिडिओ कॉल आला की फोन हातभर लांब धरायचा.

सायगॉनच्या विमानतळावर गाइडनं तिथली सिमकार्डं विकायला काढली. आपल्या पैशात पाचशे-सहाशे रुपयांना आठवडाभर नेट. लोक घ्यायला लागले. मी घेतलं नाही. उलट मोठ्यानं म्हणालो, "कशाला पैसे घालवताय? हॉटेलात वायफाय फुकट असतं. माझं सगळं त्याच्यावर भागतं." माझं ऐकून आणखी चौघांनी घेतलेली कार्डं परत केली. माझा शब्द चालतो हे मला आवडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली आणि माझ्या ध्यानात आलं, की बसमध्ये वायफाय नाही. खतकंपनीचा माणूस व्हिडिओची वाट बघत होता. आता सिम घ्यायचं तर सगळ्यांसमोर घ्यावं लागणार. ते मला जमेना. शेजारी तात्या खिडकीतून भाताची खाचरं बघत बसले होते.

मी म्हटलं, "तात्या, तुमचं नेट जरा पाच मिनिटं देता का? एक व्हिडिओ सोडायचा हाय."

"घे की. ते काय झिजतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि माझा फोन जोडून घेतला. व्हिडिओ गेला. हॉटस्पॉट मी बंद केला नाही. उद्या परत मागायला नको, असा विचार केला.

त्यानंतर माझा फोन त्यांच्या फोनला आपोआप जोडला जायचा. बसमध्ये, बागेत, जेवायला बसल्यावर. रोजचा व्हिडिओ तर जायचाच, वर मी माया, माझी बायको, तिला व्हिडिओ कॉल लावून अर्धा-अर्धा तास बाजार दाखवायचो. तात्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचा फोन खिशात गरम व्हायचा. एकदा म्हणालेही, "ह्यो लय तापतोय रं हितल्या हवंत."

चौथ्या दिवशी आम्ही ड्रॅगनच्या पट्ट्यात, फान थियेतकडं निघालो. चार-पाच तासांचा प्रवास. माझ्या फोनला एक सवय लावलेली होती, की वायफाय मिळालं की सगळे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढवून ठेवायचे. हॉटस्पॉट म्हणजे फोनच्या लेखी वायफायच. त्या प्रवासात तीन दिवसांचं सगळं चित्रीकरण चढायला लागलं. मला वरच्या कोपऱ्यातला तो छोटा बाण दिसत होता. तो कशाचा आहे हे मला कळत होतं. पण मधेच व्हिडिओही चढत होता, आणि तो तुटू नये म्हणून मी कशालाच हात लावला नाही.

तात्यांचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढून माझ्यापुढं धरला.

"बघ रं सयाजी, काय आलंय. विंग्रजीत हाय."

मी वाचलं. पॅकमधला ऐंशी टक्के डेटा संपला होता.

"कंपनीची जाहिरात हाय, तात्या," मी म्हणालो.

तासाभरानं परत वाजला. परत त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. या वेळी लिहिलं होतं, की पॅक संपला आहे, इथून पुढं साध्या दरानं पैसे पडतील, थांबवायचं असेल तर अमुक नंबरला मेसेज करा. मी तो मेसेजही वाचला. सबंध वाचला. व्हिडिओ नव्वद टक्के चढला होता. दोन-तीनशे रुपये इकडं-तिकडं होतील, घरी गेल्यावर देऊन टाकू, असं मी मनाशी ठरवलं आणि मेसेज पुसून टाकला.

"काय म्हनतोय?"

"त्येच. जाहिरात."

त्यांनी फोन परत खिशात घातला. बस चालू होती. माझी बाकीची चित्रफीत चढत राहिली.

त्या संध्याकाळी आम्ही एका बागेत उभे होतो. वेलांवर ओळीनं दिवे लावलेले. उजेड लांबवला की बिगरहंगामात फुलं येतात, ते गाइड समजावून सांगत होता. तात्यांना ते घरी सांगायचं होतं. त्यांनी फोन काढला, हिरवं बटण दाबलं, कानाला लावला. परत दाबलं. मग माझ्याकडं आले.

"काय बोलंनाच झालंय."

मी फोन घेऊन पाहिला. नंबर बंद झाला होता. बिलाची मर्यादा ओलांडली की कंपनी लाइन तोडते, हे मला माहीत होतं. आजूबाजूला सात-आठ जण उभे होते. लालासाहेबही होते. त्यांनी विचारलं, "काय झालं रं सयाजी? तुला कळतंय त्यातलं."

मी म्हणालो, "तात्यांकडनं काय तरी दाबलं गेलं आसंल. नेट चालू ऱ्हायलं, पॅक संपला."

हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं, ते मला अजून आठवतं. एकदोघं हसले, वाईट हेतूनं नाही. तात्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं पाहिलं आणि म्हणाले, "आसंल बाबा. ही बोटं काय ह्या कामाची न्हाईत."

मी हॉटस्पॉट गुपचूप बंद केला आणि फोन त्यांना परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबांनी आपल्या फोनवरून वाडीतल्या दुकानदाराला फोन लावला आणि क्रांतीला बोलावून घेतलं. बसमध्ये आवाज येत नव्हता म्हणून फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. बिल एकेचाळीस हजारांवर गेलं होतं. एकाच बिलावरचे म्हणून घरातले तिन्ही नंबर बंद पडले होते. तिकडं फौजेच्या ठाण्यावर अमृतचाही फोन बंद. तिच्या सासूबाई, म्हणजे तात्यांच्या घरच्या तानुबाई, काल दुपारपासून जेवल्या नव्हत्या. नवऱ्याला काय झालं की पोराला काय झालं, ते त्यांना कळेना.

"मामा, तुमी केलंत तरी काय?" क्रांती म्हणाली. "मी आटपाडीला जाऊन पैसं भरती. ठिबकासाठी ठेवल्यालं हैत त्येच भरती. पन आता त्या फोनला हात लावू नगासा. पाया पडती तुमच्या."

"न्हाई लावत," तात्या म्हणाले. "माजंच चुकलं, पोरी."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. खिडकीच्या बाजूला.

उरलेले तीन दिवस त्यांनी फोन पिशवीच्या तळाशी धोतरात गुंडाळून ठेवला. माझं मात्र नेटवाचून अडलं नाही. पाचव्या दिवशी मी गुपचूप एका दुकानातून सिम विकत घेतलं. पाचशे वीस रुपये पडले.

*

घरी आल्यावर दोन-तीनदा मी फोन करायचं ठरवलं. त्यांचा मोठा फोन लागत नव्हता. मग कुणीतरी सांगितलं की तो पेटीत ठेवलाय आणि तात्या आता साधा बटणांचा फोन वापरतात. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, त्यांना तोच सोपा. खतकंपनीनं माझे पैसे दिले. व्हिएतनामचे व्हिडिओ चांगले चालले होते.

एप्रिलच्या शेवटी मंडळाची दुसरी तुकडी तयार झाली. खंडाळा, पाटण, माण या भागांतली माणसं. साताऱ्यात एका मंगल कार्यालयात त्यांची बैठक होती. लालासाहेबांनी मला सांगितलं, "परदेशात मोबाईल कसा वापरायचा ते तू सांग. मागच्या खेपंगत घोटाळा नको."

मी छान तयारी करून गेलो. सांगितलं ते सगळं बरोबर सांगितलं. विमानात बसण्याआधी डेटा रोमिंग बंद करा. पॅक घेतला असेल तर तो कोणत्या देशात चालतो आणि कधीपासून सुरू होतो ते विचारून घ्या. विमानात फोन विमान मोडवर ठेवा, काही विमानांत वेगळं नेटवर्क असतं आणि त्याचे पैसे पॅकबाहेर पडतात. अ‍ॅपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप बंद करा. बिलावरचा नंबर असेल तर कंपनीला सांगून मर्यादा घालून घ्या. आठवडाभर राहणार असाल तर तिथलं सिम सगळ्यात स्वस्त. लोक वह्या काढून लिहून घेत होते. हॉटस्पॉटबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

पाटणकडच्या एकानं विचारलं, "पण साहेब, चाळीस हजार बिल येतंच कसं? खरं असतं का हे?"

तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण लोक इतके लक्ष देऊन ऐकत होते, की मला चेव आला. मी म्हणालो, "येतं कसं सांगू? आमच्याबरोबर एक म्हातारबाबा होते. मेंढरं राखणारे. हिरवं बटन आणि तांबडं बटन, एवढंच ज्ञान. ते नेट चालू ठेवून बसले खिशात. फोन तापला तर म्हणतात, हितली हवाच गरम हाय." मी त्यांच्या आवाजाची नक्कल केली. अख्खा हॉल हसला.

हसणं थांबल्यावर मागच्या दाराशी कुणीतरी उभं राहिलं. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी नाही पण पिशवी. लालासाहेबांनी जुन्या तुकडीलाही बोलावलं होतं, आणि आटपाडीहून येता येता त्यांना उशीर झाला होता.

"व्हय, त्यो म्हातारा मीच," हरिबातात्या म्हणाले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी हात जोडले होते. "ह्यो पोरगा खरं सांगतोय. माज्या अडानीपनापायी घरादाराला ताप झाला. पोरगं दोन दिस फोनाबिगर ऱ्हायलं तिकडं. तुमी माज्यासारखं करू नगासा. ह्येचं ऐका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं चूक कबूल केली म्हणून. कुणीतरी प्रेमानं विचारलं, "आजोबा, नेमकं दाबलं काय होतं तुम्ही?"

"त्ये मला आजून कळलं न्हाई बघा," ते म्हणाले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

माझ्या हातात माईक होता. मी तेव्हा सांगू शकलो असतो. तीस-पस्तीस माणसं, तिघं ओळखीची, बाकी अनोळखी. मी पाणी प्यालो आणि पुढचा मुद्दा घेतला.

बैठकीनंतर मी तात्यांना गाडीतून एसटी स्टँडवर सोडलं. वाटेत अर्धा किलो कंदी पेढे घेऊन त्यांच्या पिशवीत घातले. ते नको नको म्हणत होते.

"बरं सांगितलंस आज," फलाटावर ते म्हणाले. "लोकांचं नुसकान टळंल. माज्या येळंला आसं कुनी सांगाय पायजे हुतं."

"तात्या, आता रविवारी अमृतशी बोलता न्हवं?" मी विचारलं.

"बोलतो. ह्या साद्या फोनवर आवाज येतो चांगला. तोंड दिसत न्हाई, त्येवडंच. क्रांती म्हनती तिच्या फोनात बगा, पर मीच न्हाई बगत. परत बोट लागायचं कुटंतरी."

त्यांची गाडी लागली. ते चढले, खिडकीतून त्यांनी हात केला.

*

नऊ दिवस मी तसेच काढले. जेवायला बसलो की हॉलमधलं ते हसणं कानात यायचं, आणि त्यामागून त्यांचं ‘ह्येचं ऐका’. चॅनेलसाठी बोलायला उभा राहायचो आणि कॅमेरा बंद करून टाकायचो. दहाव्या दिवशी बँकेतून बिलाएवढे पैसे काढले, मायाला ‘आटपाडीला काम आहे’ एवढंच सांगितलं आणि विट्यावरून वाडी गाठली.

दुपार टळत होती. अंगणात लिंबाखाली तात्या दावं वळत बसले होते. अमृत सुट्टीवर आलेला होता. तिशीतला, केस बारीक कापलेले. क्रांती शेंगा निवडत होती. मला बघून तात्या उठले. "आरं, सयाजी. क्रांती, च्या टाक. ह्यो त्यो मोबाईलचा मास्तर."

"चहा नको," मी म्हणालो. "आधी ऐकून घ्या."

मी उभ्यानंच सांगितलं. हॉटस्पॉट म्हणजे काय, इथपासून. त्यांच्या फोनमधलं नेट माझ्या फोननं कसं ओढलं, बसमध्ये काय चढत होतं, दोन मेसेज कसे आले आणि मी काय म्हणालो. सांगताना मी अमृतकडं बघत होतो. तात्यांकडं बघवत नव्हतं. सांगून झाल्यावर पाकीट बाजेवर ठेवलं.

तात्यांनी हातातलं दावं खाली ठेवलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मंजी माज्या हातनं न्हवतं झालं?"

"न्हाई तात्या."

"मी काय बी दाबलं न्हवतं?"

"न्हाई. काय बी न्हाई."

क्रांती सूप खाली ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "मी मामास्नी नको नको त्ये बोलली," ती म्हणाली. माझ्याशी नाही, अमृतशी. "पावण्यांसमोर बोलली. फोन हातातनं काडून घेतला. आत्त्यांनी पंदरा दिस त्यांच्याशी बोलनं टाकलंवतं." ती आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

अमृतनं पाकीट उचललं, आत काय आहे ते न बघता बापाच्या शेजारी ठेवलं. आवाज चढवला नाही त्यानं.

"एकच सांगा," तो म्हणाला. "दुसरा मेसेज आला, त्यात थांबवायचा नंबर दिलेला असतो. तो तुम्ही वाचला होता का?"

"वाचला होता."

"सगळा?"

"सगळा."

त्यानं मान हलवली आणि गोठ्याकडं निघून गेला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. तात्या म्हणाले, "मी तुला इचारलं हुतं रं. दोनदा इचारलं."

त्यांनी दावं परत हातात घेतलं.

"सातारला त्या लोकांस्नी कळंल का आता ह्ये?"

"मी सांगतो, तात्या. पुढच्या बैठकीत सांगतो."

"पुडच्या न्हाई. तुमचा त्यो गुरूप आस्तोय न्हवं, त्येच्यात सगळी हैत. आत्ता सांग. हितं बसून सांग, मला ऐकू दे."

मी बाजेच्या कडेला बसलो, फोन काढला आणि बोलायला लागलो. "नमस्कार मंडळी. हरिबातात्यांच्या बिलाबाबत एक गैरसमज झाला होता..."

"थांब," तात्या म्हणाले. "गैरसमज कुनाचा झाला? तुजा?"

"न्हाई."

"मग कशाला म्हनतोस?"

मी पुसलं. परत सुरू केलं. "मंडळी, फान थियेतला जाताना माझ्याकडून एक चूक झाली. तात्यांचा डेटा माझ्या फोनमुळं संपला गेला..."

"‘झाली’ आनि ‘गेला’ नगं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अजून तसाच होता, मेंढराच्या पायातला काटा काढताना असावा तसा. "तितं बागंत तू काय म्हनाला व्हतास? ‘तात्यांकडनं दाबलं गेलं.’ आता तसं न्हाई म्हनायचं. केलं म्हन. मी केलं."

तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "मी सयाजी थोरात. हरिबातात्यांचं नेट मी वापरलं. त्यांना न सांगता वापरलं. दोनदा सूचना आली, ती मी वाचली आणि त्यांना खोटं सांगितलं. सगळ्यांसमोर त्यांच्यावर ढकललं, आणि साताऱ्यात त्यांची टिंगल केली. त्यांनी काहीही दाबलं नव्हतं." माझा आवाज मधे फाटला. मला ते परत नीट बोलायचं होतं, पण तात्या म्हणाले, "आसूं दे. जाऊ दे तसंच."

जुन्या आणि नव्या तुकडीच्या, दोन्ही ग्रुपवर ते गेलं. एकामागून एक निळ्या खुणा होत गेल्या.

तात्यांनी ते एकदा लावायला सांगितलं. मग परत एकदा. दुसऱ्यांदा ऐकताना तानुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

"जा आता," तात्या म्हणाले. "लांब जायाचंय तुला."

*

विट्याजवळ गाडी थांबवून फोन पाहिला. लालासाहेबांनी मंडळाच्या कामातून मला मोकळं केल्याचं दोन ओळींत कळवलं होतं. दोघं ग्रुप सोडून गेले होते, माझ्यामुळंच की कसं, माहीत नाही. पाटणच्या त्या माणसानं लिहिलं होतं, "म्हणजे हॉटस्पॉट पण बंद ठेवायचा ना?" मी ‘हो’ लिहिलं.

घरी पोहोचलो तर मायानं ऐकलेलं होतं. तिच्या माहेरचा कुणी त्या ग्रुपवर होता. तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"तितनं तुमी मला रोज फोन लावायचा," ती म्हणाली. "बाजार दाखवायचा. त्यो त्येंच्याच नेटवरनं?"

"व्हय."

"आन मी म्हनायची, आजून दाखवा, त्या पलीकडचं दुकान दाखवा." तिनं तोंडाला पदर लावला. "मला का वढलंसा ह्यात?"

मी जेवण तसंच ठेवलं. तिनं आग्रह केला नाही.

दसरा झाल्यावर ती म्हणाली, "मला जाऊन तानुबाईस्नी भेटायचंय. तुमी गाडी चालवा, आत यायाचं का न्हाई त्ये तुमचं तुमी बगा."

आम्ही गेलो. वाडीच्या अलीकडं, बाभळीखाली, मी गाडी थांबवली. माया एकटीच आत गेली. मी बसून राहिलो. ऊन चढत होतं. अर्ध्या-पाऊण तासानं तात्या बांधावरून येताना दिसले. मला वाटलं मेंढरांकडं चाललेत. ते सरळ गाडीपाशी आले आणि काचेवर बोट वाजवलं.

मी काच खाली केली.

"उनात बसून काय हुतंय?" ते म्हणाले. "चल, आत बस."

पुढं ते चालत होते, मागं मी. ओसरीवर क्रांती होती. तिनं मला बघितलं, नमस्कार केला नाही, पण सरकून वाट दिली. मी दाराजवळच्या पोत्यावर बसलो. आत माया आणि तानुबाई हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मला ते ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायची हिंमतही नव्हती.